मिरजेचा तंबोरा घेताना दुकानदार कसा पारखावा

आमचा धंदा कापडाचा. मग आम्ही वाद्यांच्या खरेदीवर का लिहावे, असे वाचक विचारतील. कारण साधे आहे. इचलकरंजीच्या मालासाठी आम्ही गेली तीसएक वर्षे मिरज स्टेशनवर उतरत आलो. मिरजेत सतारी आणि तंबोरे करणारी घराणी बहुतेक आपल्याच समाजातली आहेत. येता-जाता ओळखी झाल्या, चहा झाला, बसणे झाले. मग गावाकडचे लोक सांगू लागले की मिरजेला जाताच आहात, तर आमच्या मुलीसाठी एक तंबोरा पाहून या. असे करता करता या मालाची थोडीफार पारख झाली आणि हा माल विकणाऱ्यांची त्याहून जास्त झाली.

दुसरे कारण धंद्याचे आहे. काही माल असा असतो की तो थोड्याच संख्येत निघतो, एकासारखा दुसरा नग नसतो आणि त्याचा ऐब घेतेवेळी दिसत नाही. अत्तर, जुना गालिचा, हातमागाचे भारी कापड, वाद्य हे सगळे त्यात आले. अशा मालाच्या खरेदीत नग पाहण्याआधी माणूस पाहावा लागतो. तंबोरा हे त्याचे चांगले उदाहरण आहे, म्हणून तो घेतला.

कापडवाल्याला निदान काही साधने आहेत. रेशीम आहे की नाही याची शंका आली तर एक धागा काढून जाळावा, केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम. पैठणी उलटी करावी. हाताने विणलेल्या पैठणीची नक्षी उलट्या बाजूनेही सुलट्यासारखीच साफ दिसते. यंत्रमागाच्या नकलेला मागे लोंबते धागे असतात. तंबोरा असा उलटता येत नाही आणि त्याचा तुकडा जाळून पाहता येत नाही. वरून पॉलिश चकाकते, आत काय आहे ते कारागिराला माहीत आणि सहा महिन्यांनी हवेला माहीत.

आधी हा माल इतका थोडा का निघतो ते समजून घेऊ, कारण खोट्या दुकानदाराची पहिली खूण त्यातच सापडते.

तंबोऱ्याचा भोपळा खाण्याचा नव्हे. तो कडू जातीचा, जाड सालीचा असतो आणि मिरजेला तो मुख्यतः मंगळवेढा-पंढरपूरच्या बाजूने येतो. शेतात तो पूर्ण पिकून वाळावा लागतो, घाईने तोडलेला पुढे सुरकुततो किंवा तडकतो. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याला मोठा, गोल आणि सारख्या जाडीचा भोपळा लागतो. असे भोपळे वेलीवर मागणीप्रमाणे लागत नाहीत. ज्या वर्षी पाऊस बिघडला त्या वर्षी मोठे भोपळे कमी. लाकूड बहुधा तुनाचे. तेही मुरलेले हवे, ओले वापरले तर दांडी वाकते. भोपळा भिजवून आकारात आणणे, वाळवणे, गळा जोडणे, तबली बसवणे, दांडी जोडणे, कोरीव काम, लाखेचे पॉलिश, खुंट्या, शेवटी जवारी. यातले प्रत्येक काम हाताचे आणि मधे मधे वाळण्यासाठी थांबण्याचे.

हा धंदा मिरजेत साधारण १८५० च्या सुमारास उभा राहिला. फरीदसाहेब हे नाव त्यात पहिले घेतले जाते. घराणे शिकलगारांचे, म्हणजे तलवारी, भाले यांना धार लावणारे आणि हत्यारे दुरुस्त करणारे. हत्यारांची मागणी आटली तेव्हा मिरज संस्थानच्या आश्रयाने हे लोक वाद्यदुरुस्तीकडे आणि तिथून वाद्य घडवण्याकडे वळले. पुढे 'सतारमेकर' हेच आडनाव झाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब (मृत्यू १९३७) मिरजेत राहिले, त्यांची कबर ख्वाजा शमना मीरासाहेब यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि तिथे दरवर्षी गाणे होते. गाणारे आणि वाद्य करणारे एकाच गावात असले की कारागिराच्या कानाला शिक्षण मिळते. मिरजेच्या मालाचे नाव झाले ते असे.

आता मुद्द्यावर येतो. दुकानदार दोन तऱ्हांनी फसवतो आणि त्यातली एकच तऱ्हा लोकांना माहीत आहे.

पहिली तऱ्हा उघड आहे. दुसरीकडचा हलका माल, वर "मिरज" असे लेबल. भोपळ्याच्या जागी लाकडाच्या पातळ पट्ट्या किंवा फायबर, तुनाच्या जागी मिळेल ते लाकूड, वर गडद पॉलिश आणि सेल्युलॉइडची भरपूर नक्षी. (फायबरचा तंबोरा वाईटच असतो असे नाही; प्रवासाला काही लोक मुद्दाम तोच घेतात. फायबर सांगून विकला तर त्यात फसवणूक नाही.)

दुसरी तऱ्हा कायद्याच्या कक्षेत बसते, म्हणून ती जास्त चालते. माल खरोखर मिरजेचा, चांगल्या हाताचा. पण मोठ्या शहरातला दुकानदार कारागिराला सांगतो, "तुझे नाव घालू नकोस, कोरा माल दे." मग त्यावर दुकानाची स्वतःची पट्टी लागते. गिऱ्हाईक विचारते, केला कोणी? उत्तर येते, "आमच्या कारखान्यात." असा कारखाना कुठेच नसतो. कापडात हे आम्ही रोज पाहतो. विणणारा एका गावचा, शिक्का दुसऱ्या गावचा. पण कापडाचा ताका शंभराच्या संख्येत निघतो, नाव गेले तरी विणकराचे माग चालू राहतात. वाद्य करणाऱ्याच्या हातून वर्षाला निघणारे नग मोजके. त्या प्रत्येक नगावरचे नाव पुसले तर वीस वर्षांनी त्या कारागिराला बाजारात कोणी ओळखत नाही. त्याच्या पोराला वाटते की या कामात नाव नाही, पैसाही दुकानदाराला, मग रिक्षा काय वाईट?

गिऱ्हाइकाचेही यात नुकसान आहे. समजा तीन वर्षांनी तबली घोडीखाली दबली. ज्याने ती बसवली त्याला तिची जाडी आणि लाकडाची रग ठाऊक, तो नेमकी दुरुस्ती करील. नाव माहीत नसेल तर कोणीतरी सुतार ती उघडेल. शिवाय कारागिरालाही आपला माल पुढे कसा वागला ते कधी कळत नाही. ज्याच्याकडे तक्रार पोचत नाही, त्याचे काम सुधारायचे कसे?

म्हणून आमची पहिली कसोटी हीच. दुकानात जाऊन विचारावे, "हा कोणाच्या हातचा?" खरा दुकानदार नाव सांगतो. काही तर फोन लावून देतात. खोटा दुकानदार विषय बदलतो किंवा म्हणतो, "नावाचे काय करायचे, आवाज पाहा." आवाज पाहायचाच आहे, पण नावही हवे.

इथे परदेशी मालाशी तुलना करण्यासारखी आहे. अमेरिकेत फेंडर कंपनीने १९५१ साली प्रिसिजन बास नावाची विजेची बास गिटार काढली. आता अशा कंपन्या मधूनमधून 'मर्यादित आवृत्ती' काढतात, म्हणजे ठराविक संख्येतच नग आणि प्रत्येकावर क्रमांक, सोबत दाखला. गिऱ्हाईक तो क्रमांक कंपनीकडे पडताळू शकते. तरी तिथेही फसवणूक होतेच. खरा क्रमांक नकली नगावर छापतात, दाखल्याची नक्कल करतात, खरी दांडी आणि दुसऱ्याच नगाचे धड जोडून 'अस्सल' म्हणून विकतात. तिथले जाणते लोकही शेवटी हेच सांगतात की आधी विकणारा पाहा. फरक इतकाच की गिटारीला मागे नोंद तरी आहे. आमच्या कारागिराकडे नोंदवही नसते. मर्यादित आवृत्ती म्हणावी तर मिरजेचा प्रत्येक तंबोरा एकाच नगाची आवृत्ती आहे, पण त्याचा कागद कुठेच नाही.

ही उणीव भरण्याच्या दिशेने एक पाऊल २०२४ मध्ये पडले. मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोघांना भौगोलिक मानांकन मिळाले, ज्याला लोक 'जीआय टॅग' म्हणतात. यासाठीचा कायदा १९९९ चा आहे. त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा, कारण दुकानदारांनी लगेच त्याचा सोयीचा अर्थ काढला आहे. मानांकन गावाच्या मालाला मिळते, एखाद्या दुकानाला नव्हे. ते नाव वापरायला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी करावी लागते. तेव्हा "आमच्याकडे जीआयचा माल आहे" असे कोणी म्हटले तर विचारावे, नोंद कोणाच्या नावावर आहे? कारागिराच्या, गटाच्या की कोणाच्याच नाही? खोटे मानांकन लावून विकणाऱ्याला त्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. मात्र मानांकन म्हणजे आवाजाची हमी नव्हे. मिरजेतही सगळ्यांचा हात सारखा नाही, हे मिरजेचे लोकच आपल्याला सांगतील.

आता दुकानात बसल्यावर काय पाहावे. हे आम्ही एका जुन्या कारागिराच्या तोंडून ऐकलेले आणि नंतर स्वतः पडताळलेले सांगतो.

आधी आपली गरज सांगावी. बाईच्या आवाजासाठी हवा असेल तर साधारण काळी चार-पाचचा तंबोरा, पुरुषासाठी काळी एक-दोनच्या आसपासचा. दोघांचा आकार आणि दांडीची लांबी वेगळी असते. जो दुकानदार सूर न विचारता "हा घ्या, सगळ्याला चालतो" म्हणतो, त्याला एकतर माल कळत नाही किंवा पडून राहिलेला नग खपवायचा आहे. या एका प्रश्नावरून निम्मी पारख होते.

मग वाद्य उजेडात न्यावे. दुकानाच्या दिव्याखाली पाहू नये, कापडही पाहू नये. दांडी एका टोकाकडून डोळा लावून पाहावी, जसा बंदुकीचा नेम धरतात. वाक असेल तर लगेच दिसतो. दांडी भोपळ्याला जिथे मिळते त्या गळ्यावर नख फिरवावे, जोड हाताला लागता कामा नये. सारा ताण तिथे येतो आणि चीरही आधी तिथेच पडते. भोपळ्यावर बोटांनी सगळीकडून हळू टिचकी मारीत जावे. एके ठिकाणी आवाज मेलेला आला तर तिथे आत तडा बुजवलेला असण्याचा संभव आहे, भुसा आणि सरस किंवा लांबी भरून वर पॉलिश केलेले असते. जिथे पॉलिश बाकीच्या मानाने जाड किंवा गडद आहे तिथे हमखास विचारावे. नक्षीची पट्टी विनाकारण वाकडीतिकडी गेली असेल तर तिच्याखाली काय आहे तेही विचारावे.

तबलीवर घोडीच्या बाजूला सरळ पट्टी आडवी ठेवावी. तबलीला थोडी फुगवट असते, ती चांगली. घोडीखाली खळगा पडला असेल तर तबली दबत चालली आहे. खुंट्या फिरवून पाहाव्यात, घट्ट बसून सहज फिरल्या पाहिजेत. खडू लावून जेमतेम थांबणारी खुंटी दोन महिन्यांत सुटते.

शेवटी जवारी. घोडीचा माथा किंचित उताराचा घासलेला असतो, तार त्याला घासून झंकारते आणि तारेखाली सुती दोरा सरकवून झंकाराची जागा धरतात. हे काम केसाएवढ्या मापाचे आहे. तंबोरा आपल्या सुरात लावून मागावा. चारी तारांचा झंकार सारखा हवा. एक तार बोलते आणि एक मुकी, असे चालत नाही. नीट जुळलेल्या तंबोऱ्यात कोणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आमच्या कानाला तो यायला बरीच वर्षे लागली. म्हणून ज्याला सुराचा कान नाही त्याने गाण्याच्या मास्तरांना सोबत न्यावे. मात्र मास्तरांनीच दुकान सुचवले असेल तर त्यांचे दुकानदाराशी कमिशन नाही ना, एवढे पाहावे. हे लिहायला बरे वाटत नाही, पण चालते ते असे चालते.

सुरात लावलेला तंबोरा तासभर तसाच ठेवू द्या म्हणावे. खरा दुकानदार स्वतःच म्हणतो, "ठेवा, नमाज पढून या, मग ऐका." तासाभराने उतरला तर खुंट्या, तारा किंवा दांडी यांपैकी काहीतरी कच्चे आहे. नव्या तारा थोड्या उतरतात, ते वेगळे.

खऱ्या दुकानदाराच्या आणखी काही सवयी आम्ही पाहिल्या आहेत. तो ऐब आधी सांगतो. "हा आवाजाला उत्तम आहे, पण भोपळ्याला इथे लहान डाग आहे, म्हणून एवढे कमी." उर्दूत ज्याला ऐब म्हणतात त्याला मराठीत खोट म्हणतात. ती सांगून विकलेला माल परत येत नाही, न सांगता विकलेला परत येतो. फिकहमध्ये तर लपवलेल्या ऐबासाठी माल परत करण्याचा हक्कच आहे, खियार-ए-ऐब, आणि आपल्यातल्या अनेक दुकानदारांना तो शब्द माहीत असून त्यांच्या दुकानात "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी असते. दुसरी सवय अशी की तो "नाही" म्हणतो. आपल्या सुराचा माल नसेल तर "तीन-चार महिने थांबा, करून देतो" म्हणतो. भोपळ्याचे आणि लाकडाचे वर सांगितलेले गणित ज्याला माहीत आहे, त्याला हे उत्तर खरे वाटेल. उलट ज्याच्या दुकानात मागाल त्या सुराचा, मागाल त्या नक्षीचा, "जुन्या उस्तादाच्या हातचा" नग आजच्या आज मिळतो, त्याच्यापासून जपावे.

घाई हे खोट्या माणसाचे मुख्य हत्यार आहे. "शेवटचाच नग आहे, संध्याकाळी एक पार्टी येणार आहे." कापडाच्या पेठेतही हे वाक्य रोज ऐकू येते. त्या पार्टीला कोणी कधी पाहिलेले नसते. एका शहरातल्या दुकानात तर आमच्यासमोर एका गृहस्थाने मधेच येऊन त्याच तंबोऱ्याला चढा भाव सांगितला. खाली उतरल्यावर तोच गृहस्थ दुकानाच्या पोऱ्याबरोबर चहा पीत होता. आम्ही त्या दुकानाची पायरी पुन्हा चढलो नाही. आपलाच माणूस उभा करून भाव चढवण्याला शरीयतमध्ये नजश म्हणतात आणि ते मना आहे, हे दुकानदाराला सांगण्याची गरज नव्हती. तो आपल्यातलाच होता.

जुन्या वाद्यांबद्दल वेगळे लिहिले पाहिजे, कारण सगळ्यात मोठी रक्कम तिथे जाते. कारागीर मेला की त्याच्या नगाचा भाव वाढतो आणि भाव वाढला की मेलेला कारागीर पुन्हा तंबोरे करू लागतो. लेबल छापायला काय लागते? म्हणून लेबलावर जाऊ नये, झीज पाहावी. खऱ्या जुन्या तंबोऱ्यावर झीज कामाच्या जागी असते. वाजवणाऱ्याचा हात दांडीवर जिथे वर्षानुवर्षे राहिला तिथे पॉलिश पातळ होते, खुंट्यांची भोके किंचित लांबट होतात, घोडीवर तारांच्या खाचा पडतात, त्या पुन्हा घासल्याने घोडी बुटकी झालेली असते. बनावट जुनेपणा सगळीकडे सारखा फासलेला असतो. पॉलिशमध्ये काळपट रंग, कोपऱ्यांत मुद्दाम भरलेली धूळ, आणि खुंट्या मात्र कोऱ्या.

"अमुक मोठ्या गवयाचा तंबोरा" असे सांगून विकणारेही भेटतात. पुरावा मागितला की त्या गवयाचा फोटो दाखवतात. फोटोत तंबोरा असतो, हे खरे. तोच तंबोरा आहे कशावरून? नक्षीचा एखादा तुटलेला मणी, दुरुस्तीची खूण, घराण्यातल्या वारसाचे लेखी पत्र, असे काही जुळले पाहिजे. नाही जुळले तर साध्या जुन्या तंबोऱ्याचा भाव द्यावा किंवा उठावे.

हस्तिदंताचे तर स्पष्टच सांगतो. पूर्वी घोडी आणि नक्षी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची करीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार देशात पूर्ण बंद झाला. सांबरशिंगालाही मनाई आहे. आज जर कोणी "अस्सल हस्तिदंताची घोडी" म्हणून जास्त पैसे मागत असेल, तर एकतर तो प्लास्टिक विकतो आहे किंवा तुम्हाला गुन्ह्यात भागीदार करतो आहे. दोन्हीत तोटा तुमचाच. आता हाडाच्या, लाकडाच्या आणि कृत्रिम पदार्थाच्या घोड्या होतात, त्यांच्यावर जवारी उत्तम निघते.

बिलाबद्दल दुकानदार एक ठरलेली सबब सांगतात. "बिल घेतले तर जीएसटी पडेल, कच्च्यात घ्या." हे खोटे आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हापासून देशी, हाताने बनवलेल्या वाद्यांवर कर शून्य ठेवलेला आहे आणि त्यांच्या यादीत सतार व तंबोरा दोन्ही आहेत. करमाफ मालालाही बिल असते, त्याला 'बिल ऑफ सप्लाय' म्हणतात. छोट्या, नोंदणी नसलेल्या कारागिराने साधी सही केलेली पावती दिली तरी चालते. पावतीवर मात्र "तंबोरा १ नग" एवढेच नसावे. कोणाच्या हातचा, कुठला, भोपळा खरा की फायबर, लाकूड कोणते, कोणत्या सुराचा, नवा की दुरुस्त केलेला, हे सगळे लिहून घ्यावे. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. वर्णन कागदावर नसेल तर जुळवायचे कशाशी? घरच्या वापरासाठी घेतलेल्या मालाबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. पुढे विकण्यासाठी घेतलेल्या मालाला हा मार्ग नाही, हे आपल्या व्यापारी बंधूंनी लक्षात ठेवावे. त्यांचे संरक्षण पावतीवरचे वर्णन हेच.

ऑर्डर देताना बयाणा द्यावा, पण पुरी रक्कम आगाऊ देऊ नये. कारागिराला भोपळा आणि लाकूड घ्यायला पैसा लागतो, तेवढा देणे रास्त आहे. खरा कारागीर दोन-तीन टप्प्यांत मागतो आणि मधे काम दाखवतो. भोपळा आणि गळा जोडला, तबली अजून बसायची आहे, अशा वेळी एकदा जाऊन यावे किंवा निदान फोनवर फोटो मागवावा. आतली बाजू पाहण्याची तेवढीच वेळ.

आणि हीच वेळ कारागीर बंधूंसाठीही महत्त्वाची आहे. तबली बसवण्याआधी भोपळ्याच्या आत पक्क्या शाईने आपले नाव, गाव, तारीख आणि क्रमांक लिहावा. तोच क्रमांक एका साध्या वहीत लिहून पुढे लाकूड, माप, सूर आणि कोणाला दिला ते टिपावे. व्हायोलिनला फटी असतात, त्यांतून आतले लेबल वाचता येते. तंबोऱ्याचे नाव तबली उघडल्याशिवाय दिसणार नाही. पण ते दुकानदाराला पुसताही येणार नाही. पन्नास वर्षांनी कोणी दुरुस्तीला वाद्य उघडले तर त्याला कळेल की हा नग कोणी केला. ज्या दुकानदाराला कोरा माल हवा आहे तो वरून कोरा घेऊन जाईल, आतून नाही. आम्ही हे दोन-तीन जणांना सुचवले. एकाने वही सुरू केली आहे. एकाने विचारले, "दुकानदाराला कळले तर ऑर्डर बंद करील." करीलही. म्हणून हे एकट्याने न करता गल्लीने मिळून केले तर बरे. सगळ्यांच्याच मालात नाव असेल तर दुकानदार जाणार कुठे?

फोटोवर, न पाहता माल घेणाऱ्यांसाठी थोडे. विकणाऱ्याकडून आजच्या वर्तमानपत्राशेजारी ठेवलेल्या त्याच नगाचे फोटो मागावेत. गळा, घोडी आणि भोपळ्याची मागची बाजू जवळून. आपल्या सुरात लावलेल्या आवाजाचा न कापलेला तुकडा मागावा. परत घेण्याची मुदत लेखी घ्यावी, सात दिवस तरी. लाकडी पेटीशिवाय पाठवू देऊ नये, पुठ्ठ्याच्या खोक्यात भोपळा वाचत नाही. पाठवण्याआधी तारा सैल करायला आणि घोडी कापडात गुंडाळायला सांगावे. पेटी आली की उघडतानाच फोटो काढावेत आणि वाहतूकवाल्याच्या कागदावर "पाहून घेणे बाकी" असे लिहूनच सही करावी. नंतर एक दिवस वाद्य घरच्या हवेला तसेच राहू द्यावे, मगच तारा ओढाव्यात. एकदम ओढल्या तर प्रवासात बारीक गेलेली चीर उघडते आणि दोष तुमच्या माथी येतो. पहिला पावसाळा गेला की जवारी एकदा पुन्हा काढावी लागते. ती कोण काढून देणार आणि त्याचे पैसे वेगळे की भावातच, हे खरेदीच्या दिवशीच ठरवून पावतीच्या मागे लिहून घ्यावे.